गाडीचे ओरखडे, पोचे आणि गंज घरी दुरुस्त करताना: गोव्यातल्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याची हवा दमट आणि खारी. जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही आणि उरलेल्या महिन्यांत लाल धूळ. कोरड्या मुलखातल्या गाड्यांसाठी सांगितलेली कृती इथे जशीच्या तशी केली तर सहा महिन्यांत रंगाखाली फोड येतात. म्हणून पुढच्या सगळ्या उत्तरांत आमचा एकच आग्रह दिसेल: आधी पत्रा झाका, रंग जुळवायचं नंतर बघा. रंगात उन्नीस-बीस राहिलं तर गाडी मरत नाही. पत्रा उघडा राहिला तर मरते.

घरी काय करता येतं आणि कुठे हात लावू नये?

वरवरचे ओरखडे, दुसऱ्या गाडीचा लागलेला रंग, दगडाचे टवके, तळहाताएवढे उथळ पोचे, बंपरची खरवड आणि पत्र्याला भोक न पडलेला गंज, एवढं नवशिक्याला जमतं.

पत्रा फाटला असेल, पोच्यात धारदार घडी पडली असेल, पोचा दाराच्या किंवा बॉनेटच्या कडेवर असेल, दार लावताना फट कमी-जास्त दिसत असेल, तर गाडी सरळ डेंटरकडे न्या. खालचा सिल (दारांखालची लांब पट्टी), दारांमधला खांब आणि चॅसी या भागांना गंज लागून भोक पडलं असेल तर त्यावर पुट्टी भरू नका. अपघातात माणसांना वाचवणारे भाग तेच. पुढून जोरात धडक बसली असेल तर बंपर वरून ठीक दिसला तरी आतला भाग तपासून घ्या. एअरबॅगचे सेन्सर तिथेच असतात.

ओरखडा किती खोल आहे हे कसं ओळखायचं?

आधी पाण्याने ओला करा. ओला असताना दिसेनासा होत असेल तर तो फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे, पॉलिशने जाईल. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा रंगापर्यंत गेला. आत राखाडी किंवा पांढरट दिसलं तर प्रायमर (रंगाखालचं अस्तर), चकाकी किंवा तपकिरी दिसली तर पत्रा. बंपरवर काळं दिसलं तर ते प्लास्टिक, गंजाची चिंता नाही.

कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. छपाईचा साधा कागदही १०० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे घासायला तुमच्या हातात किती कमी आहे ते लक्षात घ्या. एकाच जागी दोनतीन वेळा पॉलिश पेपर मारला की क्लिअर कोट संपतो.

जुन्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांवर काही वेळा क्लिअर कोट नसतोच. कपड्याला थोडं रबिंग कंपाउंड (रंग घासून उजळायची पेस्ट) लावून कोपऱ्यात घासा. कपड्यावर गाडीचाच रंग उतरला तर रंग एकथरी आहे.

चिऱ्याच्या गडग्याला गाडी घासली. ओरखड्यात लाल दिसतंय. हा गंज का?

बहुतेक वेळा नाही. जांभ्याची भुकटी ओरखड्यात बसते आणि ती गंजासारखीच दिसते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कपड्याने हलकेच पुसा. रंग कपड्यावर आला तर ती माती. जागेवरच राहिला, बोटाला खरखरीत लागला, तर गंज.

कोरड्या कपड्याने मात्र पुसू नका. जांभ्याची धूळ कणीदार असते. दोन हात फिरवले की ओरखड्याभोवती बारीक रेघांचं जाळं तयार होतं आणि मूळ काम दुप्पट होतं.

पत्रा उघडा पडलाय, पण या आठवड्यात वेळ नाही. चालेल का?

पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तपकिरी झाक येते. कळंगुट, कोलवा, वास्को अशा समुद्रालगतच्या भागांत उन्हाळ्यातही फार सवड मिळत नाही, कारण हवेतलं मीठ पाणी ओढून घेतं. तेव्हा काम पुढे ढकला, पण पत्रा आजच झाका.

जागा साध्या पाण्याने दोनदा धुवा. मीठ पाण्यात विरघळून जातं, नुसतं पुसून जात नाही. ते खाली राहिलं तर वरचा रंग कितीही चांगला असो, काही महिन्यांत फोड धरतो. पूर्ण सुकवा. झाक आलीच असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर मोठा तेवढा पेपर बारीक) ती काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि लहान ब्रशने प्रायमर लावा. वरून मिळेल त्या रंगाचा एक थर द्या. नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात ठेवू नका, साध्या डब्यातला प्रायमर सच्छिद्र असतो आणि पाणी त्यातून पत्र्यापर्यंत पोचतं. चिकटपट्टी लावून भागवायचा मोहही टाळा. कडेने पाणी आत शिरतं आणि बाहेर निघत नाही. ग्रीस किंवा तेल लावलं तर पुढे तिथे रंग धरत नाही.

सुरुवातीला सामान काय काय घ्यावं?

वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे) ४००, ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे, दोन-दोन. पुट्टीचं काम असेल तर ८०, १८० आणि ३२० नंबरचे कोरडे पेपर. रबरी सँडिंग ब्लॉक घ्याच. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खुणांचे चर पडतात आणि ते चकाकी आल्यावरच दिसतात. शिवाय आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर, चांगला मास्किंग टेप (तपकिरी पॅकिंग टेप नको, त्याचा गोंद रंगावर राहतो), चारपाच मायक्रोफायबर कपडे, रबिंग कंपाउंड, पॉलिश, नायट्राइलचे हातमोजे.

तोंडावर काय, हा प्रश्न महत्त्वाचा. पुट्टीच्या धुळीला एन-९५ मास्क पुरतो. रंगाच्या आणि थिनरच्या वाफेला तो मुळीच पुरत नाही, त्यासाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. काम उघड्या पडवीत करा, स्वयंपाकघराच्या सिलिंडरपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब.

दुसऱ्या गाडीचा किंवा स्कूटरचा रंग लागलाय. तो कसा काढायचा?

हा रंग तुमच्या क्लिअर कोटवर बसलेला असतो. धुऊन सुकवा, मायक्रोफायबरवर चण्याएवढं रबिंग कंपाउंड घ्या आणि रेघेच्या दिशेने घासा. दहापंधरा हातांत उतरू लागतो. हट्टी असेल तर टर्पेंटाइनने पुसून पुन्हा कंपाउंड. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगांचा कडक थिनर) वापरू नका. कारखान्यातला रंग तो थोडा वेळ सोसतो, पण पूर्वी गॅरेजात रंगवलेला भाग आणि बंपर लगेच मऊ पडून मळकट होतात. सेकंड-हँड गाडी असेल तर आपला कुठला भाग पुन्हा रंगवलेला आहे हे बऱ्याचदा ठाऊकही नसतं.

क्लिअर कोटमधला ओरखडा काढायची नेमकी कृती काय?

सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हा. ओरखड्याच्या चारही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर सोडून टेप लावा, म्हणजे हात भलतीकडे जाणार नाही. २००० नंबरचा पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शॅम्पूचे चार थेंब टाका. पेपर ब्लॉकवर घेऊन ओरखड्याला थोडा तिरका, हाताचं वजन न देता दहाबारा वेळा फिरवा. पुसा, बघा. घासलेला भाग सपाट मंद झालेला असेल आणि ओरखडा चकाकत्या रेघेसारखा उठून दिसेल. ती रेघ म्हणजे पेपर अजून न पोचलेली खोली. पुन्हा आठदहा हात, पुन्हा पुसा. निथळणारं पाणी दुधाळ असेल तर क्लिअर कोट निघतोय. पाण्यात गाडीचा रंग दिसला की तिथल्या तिथे थांबा.

रेघ पुसट झाली की पुरे. ती पूर्ण घालवण्याच्या नादात क्लिअर कोट जातो. मग ३००० नंबरने तेवढीच जागा घासा, कंपाउंडने दोनतीन फेऱ्या, शेवटी पॉलिश. दाराच्या कडा आणि बॉडीच्या उठावाच्या रेघा यांच्यावर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे पेपर नकोच.

टूथपेस्टने ओरखडे जातात असं सर्रास सांगितलं जातं. ती फार मंद घासणारी पेस्ट आहे, फार तर पुसट रेघ आणखी पुसट होते. त्यापेक्षा कंपाउंडची लहान ट्यूब घ्या.

चोर्ला घाटातून ये-जा असते. बॉनेटवर दगडाचे टवके उडालेत. रंगवायलाच हवं का?

नाही. टवके एकेक करून भरता येतात आणि ते भरायलाच हवेत, कारण प्रत्येक टवक्यातून गंज रंगाखाली आडवा पसरतो.

टवक्याच्या कडेचा सुटलेला रंग सुईने उचकटा. गंज असेल तर पेपरचा बारीक तुकडा पेन्सिलच्या मागच्या टोकाला चिकटवून फिरवा. अल्कोहोलने पुसा. पत्रा दिसत असेल तर टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा एक थेंब. टच-अपच्या बाटलीतला ब्रश बहुतेक टवक्यांना जाड पडतो, म्हणून रंगही टूथपिकनेच द्या. एका थेंबात खड्डा भरायला जाऊ नका, वरची साय सुकते आणि आतला रंग आक्रसून खड्डा परत येतो. पातळ तीनचार थर, दोन थरांत किमान अर्धा तास. शेवटी क्लिअरचा थेंब, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईल असा. दोन दिवसांनी २००० नंबरने तेवढाच उंचवटा सपाट करा आणि पॉलिश करा.

जवळून बघितलं तर टवका दिसेलच. चार पावलांवरून दिसणार नाही आणि पावसात गंजणार नाही, एवढ्यावर समाधान माना.

गरम पाणी ओतून पोचा निघतो हे खरं का?

बंपरचा निघतो, पत्र्याचा नाही. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, ८०-९० अंशांच्या पाण्याने तो मऊ पडतो. किटलीभर पाणी पोच्यावर सावकाश ओता, आतून हाताने (जाड हातमोजा घालून) ढकला, आकार आला की लगेच गार पाणी. रंगाला तडा गेलेला नसेल तर दहा मिनिटांचं काम.

पोलादी पत्रा एवढ्या उष्णतेने जागचा हलत नाही. हेअर ड्रायर आणि बर्फाच्या प्रयोगाने क्वचित एखादा फारच उथळ पोचा टक्‌ करून बाहेर येतो, पण जुना रंग गरम-गार होऊन तडकण्याचीच शक्यता जास्त.

मग पत्र्याचा पोचा कसा काढायचा?

रुंद आणि उथळ पोच्याला १०-१२ सेंटीमीटरचा सक्शन कप. जागा स्वच्छ करा, कपाला पाणी लावा, मधोमध चिकटवून सरळ बाहेर ओढा. पोच्याचा तळ निघाला तरी कडेला उंचवट्याची रिंग राहते. प्लास्टिकच्या पंचने ती रिंग हलके ठोकत खाली बसवावी लागते. बहुतेक लोक तळच ओढत राहतात आणि पोच्याचं टेंगूळ करून बसतात.

लहान पोच्याला गोंदाने ओढायचं किट. पत्रा अल्कोहोलने पुसा, गरम गोंद लावून टॅब पोच्याच्या सगळ्यात खोल बिंदूवर बसवा, गोंद कोमट झाला की ओढा. एका दमात नाही, थोडं थोडं, दरवेळी टॅब नव्याने लावून. गोंद सोडवायला कडेने अल्कोहोलचे थेंब सोडा, तो आपोआप सुटतो. हे काम सावलीतच होतं. उन्हात तापलेल्या बॉनेटवर गोंद मऊच राहतो आणि टॅब हातात येतो. पुन्हा रंगवलेल्या किंवा आत पुट्टी असलेल्या भागावर हे किट वापरू नका, रंगाची खपलीच निघून येते. चुंबक कपड्यात गुंडाळून फिरवा. शेजारच्या पत्र्यापेक्षा कमी पकड लागली तर खाली पुट्टी आहे.

हातोडीने आतून ठोकायचं असेल तर बाहेरून आधाराला ठोकळा धरावा लागतो. आधाराशिवाय ठोकलेला पत्रा ताणून पातळ होतो आणि दाबला की डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होऊ लागतो. तो पुन्हा ताठ करणं घरी जमत नाही.

माडाखाली गाडी लावली आणि बॉनेटवर नारळ पडला. काय करू?

नारळाचा खड्डा खोल आणि गोल, बहुधा मधोमध. बॉनेट उघडून खाली बघा. खड्ड्याखाली आतल्या सांगाड्याचं भोक आलं असेल तर तिथून रबर लावलेल्या टोकाने ढकलता येतं. सांगाड्याची पट्टीच खाली आली असेल तर आतून वाट नाही. अशा वेळी रंग शाबूत असेल तर रंग न काढता पोचे काढणाऱ्या कारागिराकडे जा. तुम्ही अर्धवट ढकलून घडी पाडलीत तर त्यालाही ते नीट करता येत नाही. झावळ पडून होतात ते ओरखडे वेगळे, ते वरच्या कृतीने निघतात.

पुट्टी कशी मिसळायची आणि किती जाड भरायची?

टू-के (हार्डनर मिसळल्यावरच घट्ट होणाऱ्या) पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर वजनाने २ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम पुट्टीला १ ग्रॅम. पहिल्या काही वेळा छोट्या डिजिटल काट्यावर मोजा, मग नजर बसते. रंगीत हार्डनरचा पट्टा दिसेनासा होईपर्यंत पुट्टी लावायच्या पातीने दाबून दाबून मिसळा. फेटू नका, हवा शिरते. ३२ अंशांच्या दुपारी हाती चारच मिनिटं असतात, म्हणून लिंबाएवढीच पुट्टी घ्या. उरलेली घट्ट होऊ लागली की टाकून द्या, थिनर घालून सैल करू नका.

हार्डनर जास्त झाला तर पुट्टीत बारीक भोकं पडतात आणि पांढऱ्या रंगातून पुढे पिवळसर डाग वर येतो. कमी झाला तर ती आतून मऊच राहते आणि पेपर चिकटून भरतो. दोन्हीवर इलाज एकच, खरवडून काढा.

पुट्टी जाते कशावर? ८० नंबरने घासून चकचकीत केलेल्या, स्वच्छ पत्र्यावर, किंवा टू-के इपॉक्सी प्रायमर रात्रभर सुकवून १८० नंबरने खरखरीत केलेल्या पृष्ठभागावर. गोव्यात आम्ही दुसराच मार्ग सुचवू, पत्रा आधी बंद होतो. स्प्रेच्या डब्यातल्या साध्या प्रायमरवर पुट्टी लावू नका, ती त्याला मऊ करून उचलते. एका थराची जाडी २ मिलिमीटरपर्यंत, पूर्ण भराव ३ मिलिमीटरच्या आत. त्याहून खोल असेल तर पोचा अजून ओढायचा राहिलाय.

पाऊण तासाने ८० नंबरने आकार द्या, मग १८०, मग ३२०. सगळं कोरडं. पॉलिएस्टर पुट्टी पाण्याने घासणं ही इथल्या फोडांमागची सगळ्यात मोठी चूक. पुट्टीतली टाल्कची भुकटी पाणी पिते, वर रंग बसतो आणि ते पाणी खाली पत्र्याला खात राहतं. घासायच्या आधी मॅट काळ्या स्प्रेचा पुसट फवारा मारा. घासल्यावर काळं जिथे उरेल तो खड्डा. शेवटी पातळ कपडा ठेवून त्यावरून तळहात लांबीच्या दिशेने फिरवा, डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते.

चाकाच्या कमानीवर रंग फुगलाय. वरून रंग मारला तर?

दोन महिने टिकेल. फोड दिसतो त्याच्या दुप्पट गंज खाली पसरलेला असतो. ८० नंबरने किंवा ड्रिलला लावलेल्या तारेच्या ब्रशने चांगला रंग लागेपर्यंत उघडं करा. मधेच पत्र्याला भोक पडलं तर काम डेंटरचं झालं. भोक नसेल तर खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रव) लावा, डब्यावर लिहिलेला वेळ द्या, मग इपॉक्सी प्रायमर, गरजेपुरती पुट्टी, रंग.

आणि आतली बाजू बघा. कमानीच्या आतल्या कडेला लाल चिखल साठतो आणि पावसाळाभर ओला राहतो. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकंही पानांनी बुजतात. तार घालून ती मोकळी करा, आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत फवारायचं गंजरोधक मेण) मारा. हे केलं नाही तर बाहेरचं काम फुकट गेलं.

रंगाचा कोड कुठे सापडतो? कोड जुळला तरी रंग वेगळा का दिसतो?

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर बघा. मारुतीच्या सुपीरिअर व्हाइटचा कोड २६यू, अशा धर्तीचे दोनतीन अक्षर-अंक असतात. नुसतं ‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ म्हणून डबा आणू नका.

तुमच्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, लाल रंग तर फारच. डब्यातला नवा. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, क्लिअर देऊन, सुकल्यावर बाहेरच्या उजेडात गाडीशेजारी धरा. साधा पांढरा सगळ्यात सोपा. मेटॅलिक अवघड, कारण चमकीचे कण कसे पडतात त्यावर छटा बदलते. तीनथरी मोत्याचा पांढरा घरी जुळवायच्या भानगडीत पडू नका.

स्प्रे कधी आणि कसा मारायचा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळचं दव उडालं की साडेनऊ-दहाला सुरू करा आणि दुपारी समुद्राकडचा वारा धूळ घेऊन यायच्या आत शेवटचा थर संपवा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली हवी, छोटं आर्द्रतामापक स्वस्तात मिळतं. आदल्या संध्याकाळी अंगणात पाणी मारून ठेवा म्हणजे धूळ बसते, पण कामाच्या वेळी जमीन ओली नको.

टेप लावताना कडा आतल्या बाजूला दुमडून उचललेली ठेवा. सपाट चिकटवलेल्या टेपमुळे रंगाची पायरी पडते. डब्यातली गोळी वाजू लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करा, बाहेरच बंद करा, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर आणा. प्रायमरचे दोन थर, सुकल्यावर ८०० नंबर. रंगाचे तीनचार पातळ थर, प्रत्येकात दहा मिनिटं. पहिल्या थरात खालचं दिसलं तरी चालतं, ते झाकायला म्हणून जाड मारलं की ओघळ आलाच. मेटॅलिकचा शेवटचा थर ३० सेंटीमीटरवरून, अगदी हलका, आणि त्यावर पेपर कधीही नाही. क्लिअर दोनतीन थर. क्लिअर पत्र्याच्या कडेपर्यंत किंवा उठावाच्या रेघेपर्यंत न्या, मधेच संपवलेली कड पुढे सालपटासारखी सुटते.

४०० मिलीचा डबा साधारण दीड चौरस मीटरवर एक थर देतो. फेंडरच्या खालच्या निम्म्या भागाला एक डबा प्रायमर, एक रंग, एक क्लिअर पुरतो.

क्लिअर मारला आणि वर पांढरट धुकं आलं. काय चुकलं?

हवा दमट होती. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगात अडकतं. हात लावू नका, वर आणखी थरही नको. कोरड्या उन्हाच्या दिवशी पूर्ण सुकू द्या. धुकं वरवरचं असेल तर ३००० नंबर आणि पॉलिशने जातं. खोल असेल तर क्लिअर घासून पुन्हा.

ओघळ आले, गोल खळगे पडले, त्याचं काय?

ओघळ ओला असताना पुसू नका. आठवड्याने, रंग आतून सुकल्यावर, कडक ब्लॉकवर १५०० नंबरने फक्त उंचवटा उतरवा. गोल खळगे सिलिकॉनमुळे पडतात. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायचा स्प्रे जवळपास मारला असेल तरी पुरतं. सुकवून, घासून, दोन कपड्यांनी पुसा: एक अल्कोहोलने ओला, लगेच मागोमाग दुसरा कोरडा. नुसत्या ओल्या कपड्याने सिलिकॉन पसरतं.

फेरीबोटीच्या उतारावर बंपर खालून खरवडला. पत्र्यासारखंच करायचं?

नाही. प्लास्टिकवर रंग आपणहून धरत नाही. खरवडीचे धागे ब्लेडने कापा, १८० ते ४०० नंबरने सपाट करा, प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ थर द्या, मग नेहमीचा प्रायमर. खोल चरांना प्लास्टिकसाठीचीच लवचीक पुट्टी, नाहीतर बंपर दबला की ती तडकते. पार्किंग सेन्सरवर पुट्टी आणि जाड रंग नको, तो चुकीचे इशारे देऊ लागतो. टेप लावून झाका.

चवथीच्या आधी गाडी चकाचक हवी आहे. जमेल का?

पॉलिश जमेल, रंग नाही. भर पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के, त्यात फवारलेला रंग धुकं धरणार. टवके टूथपिकने भरून घ्या, ओरखडे पॉलिश करा, पत्रा प्रायमर आणि टच-अपने झाका. फवारणी दिवाळीनंतर.

टू-के क्लिअर जास्त टिकतो म्हणतात. घरी मारू का?

टिकतो, पेट्रोलही सोसतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांत गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. त्या एका थरासाठी गाडी पेंटरच्या बूथमध्ये न्या, तयारी तुम्ही केलेली असली तरी चालेल.

विम्याचा दावा करू का स्वतः करू?

दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो. तो वर्षागणिक २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. एका बंपरसाठी बहुधा परवडत नाही. मात्र दावा करायचा असेल तर सर्व्हेअरने बघेपर्यंत काही घासू नका, फक्त फोटो काढा.

उरलेला थिनर कुठे टाकायचा?

विहिरीजवळ, गटारात, माडाच्या आळ्यात नाही. झाकण घट्ट लावून ठेवा, दोन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचा थिनर ब्रश धुवायला पुन्हा चालतो. गाळ आणि रिकामे डबे पंचायतीच्या किंवा पालिकेच्या घातक कचऱ्यात वेगळे द्या. ओले कपडे चुरगाळून ढीग करू नका, मोकळ्यावर पसरून सुकवा.

रंग मारल्यावर गाडी कधी धुवायची?

डब्यातला रंग हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण आतून सुकायला आठवडा जातो. तोवर पॉलिश नको. पहिले सात दिवस नुसतं पाणी, मग सौम्य शॅम्पू. वॅक्स महिन्यानंतर. तोपर्यंत आंब्याखाली लावू नका, चिकाचा थेंब ताज्या रंगात खोलवर उतरतो आणि पॉलिशने निघत नाही. पक्ष्याची विष्ठा पडली तर त्याच दिवशी पाणी ओतून भिजवा, पाच मिनिटांनी उचलून घ्या, घासू नका. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर महिनाभर नको. श्वास घेणारं सुती कव्हरही रंग पूर्ण सुकल्यावरच, आणि तेही गाडी धुऊन, कारण कव्हरखाली अडकलेली लाल धूळ वाऱ्याने हलत राहते आणि नव्या क्लिअरवर रेघा पाडते.